संक्रांतीला दिलेलं गणित

“डोळे मिटून सतराचा पाढा म्हण, बाकीचं यंत्र बघून घेईल,” रेणुका म्हणाली होती. पाढा संपेपर्यंत मृदुलाचं सगळं गणित मैत्रिणीच्या डोक्यात गेलं होतं. उसनं, फक्त तिच्या प्रवेशपरीक्षेपुरतं.

रेणुकाला एमबीएला प्रवेश मिळाला. आता मृदुलाची परीक्षा महिन्यावर आली होती आणि सराव-पुस्तकातले आकडे तिला नुसत्या रेघोट्या वाटत होते. तिने फोन लावला.

“परत? अगं, संक्रांतीला दिलंस ना, तुझ्याच घरी, हळदीकुंकू लावून! वाण कुणी परत मागतं का, बाई?”

“ते वाण नव्हतं, रेणू. सणाला दिलेलं लाभतं, असं तूच म्हणालीस.”

“लाभलंच की!” रेणुका हसली. “तू हुशार आहेस गं, पुन्हा शिकशील.”

मृदुलाने फोन ठेवला. शाप अगदी ओठांवर आला होता, तो तिने गिळला. यंदा परीक्षा देईन, असा शब्द तिने अंथरुणावरच्या वडिलांना दिला होता. तिने शेजारच्या सरोजवहिनींकडून पहिलीचं पुस्तक मागून आणलं आणि चित्रातले पेरू बोटाने मोजायला सुरुवात केली.