शालूबाईचं मुसळ

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात औंढ्याजवळच्या गावात निजामाच्या जमादारानं हत्यारबंदीच्या नावाखाली सटवाजी वस्तादाच्या आखाड्यातल्या लाठ्या जाळल्या, दांडपट्टे गाडीत टाकले आणि आडव्या आलेल्या वस्तादाच्या लेकाचा हात मोडला. वस्ताद राखेपाशी मान खाली घालून बसला. तेवढ्यात सून शालूबाई मुसळ घेऊन आखाड्यात शिरली. "मामंजी, लाठी शिकवा." "मुसळानं?" "घरात हेच राहिलं. जमादार परत आला तर आमी बी काय माना खाली घालाव्या?" रागानं तिनं मुसळ फिरवलं, तोल जाऊन पडली, पुन्हा उठली. वस्तादही उठला. "पाय रुंद ठेव. नजर समोरच्याच्या खांद्यावर." आठवड्यानं जमादार परत आला, तेव्हा आखाड्यात गावच्या बायका मुसळं उगारून उभ्या होत्या. "ये क्या चल रहा है?" "मिरच्या कांडून राहिलो," शालूबाई म्हणाली, पण मुसळ खाली आणलं नाही. जमादार घोड्यावरून उतरलाच नाही.