पलीकडचे अकरा

“सरकारचं घड्याळ पुढं, संस्थानचं मागं गं, मधली नदीबाई कुणाच्या तासाला जागं गं?”

युद्धाच्या दिवसांत आत्या जात्यावर गायची ती ओवी तात्यांनी म्हणून दाखवली. संशोधक बाईंनी टेप जवळ सरकवला. “म्हणजे नदीच्या या काठावर घड्याळं खरंच तासभर पुढे केली होती?”

“केली होती ना. त्या तासानंच माझं लग्न लावलं,” तात्या काकूंकडे हात करत म्हणाले. “हिचा ठरलेला नवरा पलीकडचा, संस्थानातला. मुहूर्त अकराचा. त्यांचं वऱ्हाड त्यांच्या अकराला आलं, तेव्हा इकडे बारा वाजले होते. मुहूर्त टळू नये म्हणून नात्यातल्या वाढप्याला बोहल्यावर चढवलं. तो मी. हातातली बुंदीची परात खाली ठेव, असंसुद्धा कुणी म्हणालं नाही. पन्नास वर्षं झाली, ही बिचारी बदली माणसावर भागवतेय.”

काकू शेजारी वालाच्या शेंगा सोलत होत्या.

“पण त्या काळच्या पत्रिकांवर ‘नवी वेळ’ असं मुद्दाम लिहायचे,” बाईंनी कागद चाळत विचारलं. “तुमच्याकडे राहिलं कसं?”

तात्यांनी खांदे उडवले. “घाईत राहिलं असेल.”

“घाई कसली?” काकू शेंगेवरून नजर न काढता म्हणाल्या. “घरात अक्षर माझंच चांगलं. सगळ्या पत्रिका मीच लिहिल्या. पलीकडे जाणाऱ्या तेवढ्या एकीवर ते दोन शब्द घातले नाहीत.”

तात्या बघतच राहिले. “का गं?”

“नात्यात बिनलग्नाचे तुम्ही एकटेच होतात. आणि वाढायला येणार होतात.”