बोटं घरी

कुसुमताईंच्या हाताला पेशंट सापडत होते, डॉक्टरांच्या हाताला सापडत नव्हते. सगळं भांडण एवढंच होतं.

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात नवाकोरा कॉम्प्युटर आला होता. त्याला धूळ चालत नाही म्हणून त्याची वेगळी थंड खोली होती, आणि खुद्द डॉक्टरही बूट बाहेर काढून आत जात. जुन्या कार्डांवरचे पेशंट त्यात भरायचं काम दवाखान्याच्या टायपिस्ट कुसुमताईंकडे आलं. त्यांनी मान मोडून भरले. पण डॉक्टर नंबर टाकत, तेव्हा निम्म्या वेळी पडद्यावर उमटे : असा पेशंट नाही. तोच नंबर ताईंनी टाकला की पेशंट हजर.

"मी राऊंड घेऊन येतो," सकाळी डॉक्टर म्हणाले होते. "तोवर हे नीट झालं नाही, तर सोमवारपासून या खुर्चीवर दुसरी मुलगी बसेल."

दाराशी वणीहून आलेल्या रुखमाबाई बसल्या होत्या. हातात एकशे सतरा नंबरचं कार्ड. "मले काढून टाकलं का वं बाई त्याच्यातून?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही मावशी, बसा," म्हणत ताईंनी कॉम्प्युटरच्या कंपनीला फोन लावला आणि रिसीव्हर कान आणि खांद्यात दाबून धरला.

पलीकडे एक मुलगी होती. आवाज अगदी ऑफिसचा. "मॅडम, घाबरू नका. मी सांगते तसं एकेक करा. नंबर टाका, एक, एक, सात. मग एंटर."

"टाकला. आल्या रुखमाबाई."

"आल्या? मग डॉक्टरांना का सापडत नाहीत?"

"तेच तर तुम्हाला विचारते आहे!" ताई म्हणाल्या.

"बरं, पुन्हा पहिल्यापासून करू. आधी बोटं घरी ठेवा, मॅडम."

ताईंचे हात थांबले. मधल्या ओळीवर, ए एस डी एफवर, बोटं टेकवण्याला घरी ठेवणं म्हणणारं माणूस अख्ख्या नागपुरात एकच होतं. त्या स्वतः.

"कोण बोलून राहिली वं?"

"कुसुमताई? अगं बाई! जयभीम ताई! मी प्रेमिला. इंदोऱ्याच्या विहारातली. पुठ्ठ्यावाली."

विहारात ताई संध्याकाळी मुलींना टायपिंग शिकवत. टायपिंगची मशीन एकच होती, म्हणून बाकीच्यांना त्या पुठ्ठ्यावर अक्षरं काढून देत. प्रेमिलाने पुठ्ठा बडवून बडवून त्याला भोकं पाडली होती.

"ताई, एक सांगा," प्रेमिलाचा ऑफिसचा आवाज कुठल्या कुठे पळाला होता. "एकाचा आकडा तुम्ही कुठं दाबून राहिल्या?"

"आणखी कुठं असते? एल."

प्रेमिला खो खो हसली. "आपल्या मशीनवर एक नव्हताच ना! एलवरच भागवायचो. मीबी इथं येऊन पहिल्या हप्त्यात तेच केलं, साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. आपल्याले तो एक दिसते ताई, पण याच्यासाठी एल म्हणजे एल. डॉक्टर खरा एक दाबते, म्हणून याले सापडत नाही. वरच्या रांगेत पाहा, डावीकडे."

ताईंनी पाहिलं. होता तिथे, ठसठशीत. बोटांकडे बघायचं नाही, असं जन्मभर मुलींना बजावलं होतं, तेव्हा दिसणार कसा?

"वाचवलं वं पोरी तू मले," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"तुम्ही पुठ्ठा नसता दिला तर मी कुठं असती, ताई?" पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडू नको. पुढचं सांग."

"बाणाच्या बटनानं एलवर जा. पुसा. आता खरा एक. दुसऱ्या एलचंबी तसंच. मग एंटर."

ताईंनी एकेक केलं, पहिल्यांदाच बोटांकडे बघत. तेवढ्यात डॉक्टर आले, बूट काढले आणि उभ्या उभ्या एका बोटाने नंबर टाकला. एक, एक, सात. पडद्यावर हिरव्या अक्षरांत रुखमाबाईंचं नाव आलं.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग ताईंकडे. "अरे! काय झालं होतं?"

"शिकवण्यात चूक झाली होती, डॉक्टर. माझ्याच विद्यार्थिनीनं दुरुस्त केली. बाकीचे संध्याकाळपर्यंत करते."

"करा. तुमच्याच खुर्चीवर बसून करा," म्हणत डॉक्टर बूट घालायला वळले.

रुखमाबाई चपला काढून दारातून आत डोकावल्या. "सापडली का वं मी?"

फोन अजून कानालाच होता. "सापडली," कुसुमताई म्हणाल्या, "सापडली वं माय," आणि ते दोघींनाही ऐकू गेलं.