कोरलच्या रानातली बारा घरं

"नोएलीनबाई, तीन मिनिटं," महापौर म्हणाल्या आणि नोएलीनने माईक आपल्या उंचीला ओढून घेतला.

सकाळीच ती केस सेट करून आली होती. पालिकेच्या सभागृहात तिसऱ्या रांगेत तिची शेजारीण कोरल बसली होती, बाजूला कोरलचा मुलगा डीन. नोएलीनने तिकडे मुद्दाम पाहिलं नाही.

मामला साधा होता. कोरलच्या घरामागे घोड्यासाठी राखलेलं रान होतं. घोडा मरून नऊ वर्षं झाली होती. आता तिथे बारा छोटी घरं उठणार होती, दोन-दोन खोल्यांची, साध्या पगारात घेता येतील अशी. गावाबाहेर जत्रेच्या मैदानापलीकडे घरांचं नुसतं पीक आलं होतं, पण सगळी चार बेडरूमची, दोन गाड्यांची. एकट्या माणसाला, इस्पितळातल्या नर्सला त्यातलं एकही झेपत नव्हतं. हे नोएलीनलाही पटत होतं. फक्त ती घरं कोरलच्या रानात नकोत, एवढंच तिचं म्हणणं.

हरकतीच्या अर्जात तिने रहदारी लिहिली, सांडपाणी लिहिलं, सावली पडेल असंही लिहिलं. खरं कारण कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं. खरं कारण होतं डीन. दीड वर्षापूर्वी तो सिडनी सोडून बायको आणि तीन पोरांसकट आईकडे परत आला. तेव्हापासून कुंपणापलीकडे पोरं दिवसभर ट्रॅम्पोलिनवर किंचाळायची. रविवारी सॉसेज आणि कांदा भाजल्याचा वास थेट नोएलीनच्या स्वयंपाकघरात शिरायचा आणि ती खिडकी आपटून लावायची. कोरलचं सुख तिला बघवत नव्हतं. आता वर त्या बाईला बारा शेजारी मिळणार, सगळं गाव तिचे गोडवे गाणार! नोएलीनचा जीव जळत होता.

तिची मुलगी किर्स्टी सिडनीतच होती, परक्यांच्या घरात एका खोलीत. नाताळला चार दिवस यायची. 'परत ये' असं नोएलीनने तिला कधी म्हटलं नाही. पोरीला आपणहून वाटलं पाहिजे, हा तिचा ताठा. लोकांना ती सांगायची, "आमच्या किर्स्टीला इथे करमायचं नाही हो!" आणि घरी येऊन एका माणसापुरते बटाटे सोलायची.

मग ती पॅड आणि पेन घेऊन दारोदार फिरली. कोरल एकदा कुंपणापाशी आली होती. "अगं, सह्या मागत फिरण्याआधी चहाला तरी ये. बोलायचंय तुझ्याशी."

"चहा तुझ्या नव्या शेजाऱ्यांना पाज," नोएलीन म्हणाली आणि आत निघून गेली.

"माझ्याकडे त्रेचाळीस सह्या आहेत," आता ती माईकवर सांगत होती. "आणि बाजूने पत्रं किती? एक!" तिने सभेच्या छापील कागदांतलं ते पत्र वर धरून दाखवलं. लिहिणाऱ्याचं नाव काळ्या पट्टीखाली होतं. पालिका सगळ्यांचीच नावं तशी झाकते. "ऐका तरी. 'मला मोठं घर नको. माझ्या माणसाकडे चालत जाता येईल एवढं जवळ हवं.' माझं माणूस! कुणाकडे चालत जायचंय आणि कशाला, ते आपण काय समजायचं ते समजलो!"

सभागृह खो खो हसलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. नोएलीनला चेव चढला.

"पुढे अजून दीड पान आहे. मी काही ते वाचलं नाही आणि तुमचाही वेळ घेत नाही."

नगरसेवकांचे हात वर झाले. विरोधात पाच, बाजूने चार. घरं नामंजूर. टाळ्या वाजल्या.

बाहेर टेबलावर चहा-बिस्किटं होती. लोक येऊन नोएलीनचा हात हातात घेत होते. इतके जण एका वेळी तिच्याशी बोलल्याला कितीतरी महिने लोटले होते. ती दुसरा कप ओतत होती तेवढ्यात कोरल समोर येऊन उभी राहिली. नोएलीनने मान ताठ केली. भांडणाची तिची तयारी होती.

पण कोरल भांडली नाही. तिचे डोळे लाल झाले होते.

"माझं काय, रान पडून होतं, पडून राहील," ती हळूच म्हणाली. "पण ते पत्र तू पूर्ण वाचायला हवं होतंस, नोएलीन. चार नंबरच्या घरासाठी तिने नाव लावलं होतं. इथल्या इस्पितळात नोकरीसुद्धा बघून ठेवली होती. मला शपथ घातली होती, मंजुरी येईपर्यंत तुला सांगायचं नाही म्हणून. तू उगाच आशेला लागशील म्हणाली."

"कोण?" नोएलीनने विचारलं. हातातला कप तिने टेबलावर ठेवला.

कोरलने पर्समधून फोन काढला.

"सकाळपासून निकालाची वाट बघत बसलीय पोर. किर्स्टीला तू सांगतेस, की मी सांगू?"