पातळ नळीच्या दोन खुर्च्या

"स्वस्त आहे, पण तुमच्या कामाचं नाही," देसांका म्हणाली. "याचा सगळ्यात कमी करंटसुद्धा तुमच्या नळीला भोक पाडेल."

मिलुतिनने यंत्राच्या खोक्यावरून हात फिरवला. "मग याच्या खालचं काय आहे?"

"याच्या खाली मेणबत्ती."

तो हसला आणि स्टुलावर बसला. देसांकाने कॉफी चढवली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

नेगोटिन शहरात वेल्डिंगच्या सामानाचं दुकान चालवणारी बाई एकच, देसांका. दुकान नवऱ्याचं, स्तोयानचं. तो गेला आणि दुकान राहिलं. लोक येत, रॉडचा पुडा घेत, जात. मिलुतिन मात्र उन्हाळ्यापासून एकच यंत्र निवडत होता, पातळ धातू जोडणारं टिग वेल्डिंगचं. जन्मभर व्हिएन्नात कारखान्यात खपून पेन्शन घेऊन गावी परतलेला माणूस. तीन मजल्यांचं घर, त्यातली एक खोली वापरात.

कोणतं यंत्र द्यायचं हे देसांकाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण यंत्र दिलं की गिऱ्हाईक जातं. म्हणून ती दर खेपेला एकेका यंत्राची खोड काढत असे.

कशासाठी हवंय ते त्याने सरळ सांगितलं होतं. थडग्यासाठी. भोवती कुंपण, एक टेबल, दोन खुर्च्या, सगळं पातळ पोलादी नळीचं.

"यागोदाला जाडजूड लोखंड आवडत नाही," तो म्हणाला होता. "शेजारच्यांनी स्वतःच्या थडग्यावर अख्खी खोली बांधलीय, पडद्यांसकट. आपलं नाजूक हवं."

"आपल्या हाताने करणार?"

"लोहाराकडून करून घेतलं तर ते लोहाराचं."

देसांकाला हे पटलं. कधी, कसं, हे तिने विचारलं नाही. स्तोयानबद्दल कोणी विचारलेलं तिलाही खपत नसे.

स्तोयानचं मूळ गाव आणि मिलुतिनचं गाव एकच. पुढच्या खेपेला नवऱ्याच्या थडग्यावर गेली तेव्हा तिने थोडी वाट वाकडी केली. काळा चकचकीत दगड, त्यावर फोटोवरून दोघं कोरलेली. मिलुतिन सुटात, यागोदा फरच्या कोटात. तिकडे नवरा-बायको एकदमच कोरून घेतात, दगडवाल्याला दोनदा कोण बोलावणार? मागे उरलेल्याने आपल्या तारखेची वाट बघायची, एवढंच. खालचा, तारखांचा भाग प्लास्टिकच्या फुलांनी झाकला होता. देसांकाने यागोदासाठी मेणबत्ती लावली.

"बाई, मी फक्त यंत्र विकतेय," ती दगडाला म्हणाली.

आता तिने कॉफी त्याच्यापुढे ठेवली. "ॲल्युमिनियम जोडायचंय कधी?"

"छे."

"मग एसी-डीसीवाल्यावर पैसे उधळू नका. नुसतं डीसी पुरे. टोक न टेकवता ठिणगी पडली पाहिजे, आणि पायाचं पेडल हवंच. शिलाई यंत्रासारखं, पायाने हळूहळू सोडायचं."

"यागोदाचं शिलाई यंत्र आहे घरात."

"मग पायाला सवय असेल."

"हात लावू देत नाही ती."

देसांकाने त्याचा वर्तमानकाळ सुधारला नाही. "स्तोयानला कांदा चालत नाही," असं तीही अजून भाजीवाल्याला सांगे.

खोड काढायला यंत्रं संपली तेव्हा तिने त्याला योग्य ते यंत्र दिलं. सोबत आर्गॉन गॅसचा सिलिंडर, टंगस्टनची बारीक कांडी, गॅस नीट पसरवणारं तोंड आणि डोळ्यांपुढची काच कमी उजेडातही पटकन काळी होणारी टोपी. "नळीची टोकं बिनफटीची बसवा," ती म्हणाली. "फट राहिली की भोक पडलंच. अडलं तर या."

तो आला नाही. अडत नसावं. एवढं चांगलं समजावल्याचा देसांकाला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला. कॉफी ती दोघांची चढवत असे आणि एकटी पीत असे.

द्राक्षं उतरली, पानं गळली, आणि एका सकाळी तो आला. रुमालात गुंडाळून त्याने नळीचा एक जोड आणला होता. देसांकाने तो खिडकीशी नेऊन पाहिला. वेणीच्या पेडांसारखा एकसारखा.

"आता तुम्हाला शिकवायला माझ्याकडे काही उरलं नाही," ती म्हणाली. ते कौतुक होतं, पण आवाज तसा निघाला नाही.

"मृतांच्या शनिवारी या, देसांकाबाई. दोन्ही खुर्च्या झाल्यात. तुम्ही बसून बघितल्याशिवाय माझा विश्वास नाही."

"मोडली तर माझं वजन गावभर होईल."

"मोडली तर यंत्र परत घ्या."

त्या शनिवारी सगळे आपापल्या मृतांसाठी खाणं-पिणं घेऊन थडग्यांवर जातात. देसांकाने ओठांना रंग लावला, पुसला, पुन्हा लावला. स्तोयानच्या थडग्यापुढे शिजवलेला गहू ठेवला, थोडी प्लमची दारू मातीवर ओतली, आणि एरवीपेक्षा लवकर तिथून उठली. तो काही बोलला नाही. जिवंतपणीही फारसा बोलत नसे.

नव्या कुंपणाशी मिलुतिन सुटात उभा होता. ती खुर्चीवर बसली. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. दुसऱ्या खुर्चीवर तो बसला. दोघं टेबलावर कोपरं टेकून गहू खात राहिली. आजूबाजूला सगळी थडगी माणसांनी भरली होती, आणि किती वर्षांनी तिच्याकडे कोणी कीव करून बघत नव्हतं.

"उद्या कोबीच्या पानांतला खिमा करतेय," ती पेल्याकडे बघत म्हणाली. "एकटीपुरता होतच नाही तो. मोठंच भांडं लागतं."

मिलुतिन फाटकाकडे बघत होता.

तिथून एक बाई चाकांची बॅग ओढत आली, घामाघूम, व्हिएन्नाच्या बसला शिव्या घालत. तिने बॅग नव्या कुंपणाला टेकवली, कमरेवर हात ठेवले आणि मान वाकडी करून दगड न्याहाळला.

"म्हटलं नव्हतं तुला," ती मिलुतिनला म्हणाली, "या फोटोत मी जाड दिसते?"