पायाची सोनोग्राफी

सव्वाअकराला सत्यशीला सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर आली. चिकलठाण्याच्या कारखान्यात दिवसभर उभ्यानं काम करून तिच्या डाव्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या. डॉक्टरांनी तिला उभं करूनच त्या तपासल्या. लग्नाला बावीस दिवस होते. बाहेरच्या बाकावर, गरोदर सुनेला घेऊन, होणाऱ्या नवऱ्याची आत्या बानाबाई बसली होती.

“लग्नाआधीच सोनोग्राफी?”

“पायाची हाय, आत्या.”

“आता पायात बी लेकरू असतं व्हय?”

एक वाजता होणाऱ्या सासूचा फोन आला. “माझा इस्वास हाय पोरी. तेवढा रिपोर्ट टाक मोबाईलवर, लोकांची तोंडं बंद होतील.”

सत्यशीलानं रिपोर्ट पुन्हा वाचला. त्यात गरोदरपणाचा उल्लेख कुठंच नव्हता. डाव्या पायाच्या शिरेतल्या झडपा निकामी झाल्या आहेत, सर्जनना दाखवावं, एवढंच होतं. बघण्याच्या कार्यक्रमात तिच्या आईनं सांगितलं होतं, पोरीला कसलंच दुखणं नाय.

चारपर्यंत रिपोर्टचा फोटो काढून झाला होता. साडेपाचपर्यंत सासूचे आणखी तीन फोन आले. फोटो अजून पाठवलेला नाही.