नांगराखालचा ठोकळा

इंजिन बंद केलं, की जुन्या ट्रॅक्टरची नांगर उचलून धरणारी लिफ्ट हळूहळू खाली बसते. आतलं सील झिजलेलं असतं, तेल परतून जातं. मी सौंसरला भौतिकशास्त्र शिकवते. एवढं मला कळतं. आमची लिफ्ट मात्र बंद इंजिनावर वर चढते.

नांगराच्या टोकाशी मी भिंतीवर खडूची रेघ ओढली होती. दुपारी शाळेतून परत यावं, तर नांगर रेघेच्या वर.

माझे पती सुधाकर याच नांगराखाली चिरडून गेले. दुरुस्तीसाठी खाली शिरण्याआधी त्यांनी नांगराला लाकडी ठोकळा लावला होता. माझा दीर विलास खाली न बघताच तो काढून घेऊन गेला, ट्रॉलीच्या चाकाला लावायला. पांढुर्ण्यात त्याने सगळ्यांना सांगितलं, की दादा ठोकळा लावायचं विसरला. ठोकळा चाकाशी मीच पाहिला होता. तरी वर्षभर मी गप्प राहिले.

"वहिनी, तेलाच्या वालमधी कचरा फसला असन," आज विलास म्हणाला. "उतरूनच नाही राहिली लिफ्ट. मी खाली जाऊन पाहतो, तुम्ही ठोकळा लावा. तुमच्या सायन्समधी नाही बसत हे!"

हसतच तो पाठीवर आडवा झाला आणि आत सरकला. तसा नांगर आणखी बोटभर वर गेला, त्याला जागा करून दिल्यासारखा. मग थांबला.

"लावला का, वहिनी?"

मी ठोकळा उचलला आणि ट्रॉलीच्या चाकाला नेऊन लावला.

"अहो," मी नांगराकडे बघून म्हणाले, "सोडा आता."